गळाच्या मासेमारीचा क्लब कसा चालवावा: नागपूर परिसरासाठी

अमेरिकेतल्या बास स्पर्धांचे व्हिडिओ पाहून नागपुरातही असा क्लब काढावा असे अनेकांना वाटते. बास हा मासा मात्र विदर्भातल्या तलावांत नाही, आणि कुठून तरी आणून सोडण्याचा विचारही करू नये. बाहेरचा शिकारी मासा पाण्यात शिरला की स्थानिक माशांचे काय होते हे थाई मांगूरने दाखवून दिले आहे. त्याच्यावर देशात २००० पासून बंदी आहे. झाडोऱ्यात दबा धरून बसणारा आणि बेडकासारख्या खोट्या आमिषावर झडप घालणारा आपल्याकडचा मासा म्हणजे मरळ. बाकी खेळ रोहू, कतला, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) या माशांचा.

त्या स्पर्धांकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेतल्या रे स्कॉट यांनी १९६७ मध्ये बासची स्पर्धा सुरू केली आणि १९७२ पासून मासे जिवंत परत सोडण्याची पद्धत रुजवली. त्यामुळे क्लब आणि तलाव दोन्ही टिकले. इथेही तेच पायाभूत धरा. पाण्यावर ज्यांचा हक्क आहे त्यांची संमती आणि वाद होणार नाही असे मोजमाप, ही दोन कामे जमली तर क्लब चालतो. बक्षिसे, टी-शर्ट, बॅनर हे सगळे नंतरचे.

पायरी १: पाणी आधी ठरवा

कुठला तलाव कोणाच्या ताब्यात आहे ते कागदावर पाहा. गावोगावचे तलाव आणि पाटबंधाऱ्याचे जलाशय बहुतेक वेळा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. माशांचे बीज त्या संस्थेने विकत घेऊन सोडलेले असते, म्हणजे मासा तिच्या मालकीचा. ढीवर-भोई समाजाच्या घरांचे पोट त्यावर चालते. "आम्ही तर सोडूनच देतो" हे उत्तर पुरत नाही, कारण हाताळताना काही मासे मरतातच.

संस्थेच्या अध्यक्ष-सचिवांना प्रत्यक्ष भेटा आणि लेखी संमतीपत्रात पाच गोष्टी घाला: तारीख आणि वेळ, जास्तीत जास्त माणसे, माणशी शुल्क, मेलेला मासा संस्थेला देणे, आणि त्या दिवशी संस्थेचे जाळे कुठल्या भागात असेल. शेवटची बाब बहुतेक जण विसरतात. मग गऱ्या (गळाचे आकडे) जाळ्यात अडकतात, जाळे फाटते आणि पुढच्या वर्षी त्या तलावाचे दार बंद होते. संस्थेच्या दोघा जणांना मानधन देऊन पंच म्हणून घ्या. पाण्याखालचा खडक, झाडाची खोडे, अचानक लागणारा डोह त्यांना पाठ असतो.

संमतीपत्राची प्रत सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात आणि जवळच्या पोलीस ठाण्यात द्या. तोतलाडोहचा विषय काढूच नका. तो पेंच राष्ट्रीय उद्यानात आहे आणि तिथे मासेमारीला बंदी आहे. गोरेवाड्याचे पाणी शहराला पिण्यासाठी जाते, तेही सोडा. अंबाझरीला जलपर्णीचा त्रास आणि फिरायला येणाऱ्यांची गर्दी, म्हणून पन्नास गऱ्यांचा कार्यक्रम तिथे नको. रामटेक, उमरेड, कुही या बाजूंचा, काठ मोकळा असलेला एखादा तलाव बरा.

पायरी २: नोंदणी

किमान सात जण लागतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशा दोन्ही नोंदण्या धर्मादाय कार्यालयात होतात. नोंदणी होईपर्यंत शुल्क कोणाच्याही वैयक्तिक खात्यात गोळा करू नका. क्लब फुटण्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते.

पायरी ३: तारीख

रोहू, कतला, मृगळ यांचा विणीचा काळ पावसाळा. मरळीची जोडी तर पिलांचा लालसर थवा राखत फिरते. राखणारा मासा गरीला लागला की तो थवा काही वेळात इतर माशांच्या तोंडी जातो. जून ते ऑगस्ट कार्यक्रम ठेवूच नका.

एप्रिल-मेही नको. पाणी ३० अंशांवर गेले की लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. २० अंशांना तो नऊच्या आसपास असतो. दमलेला मासा गरम पाण्यात सोडला तर पोहत गेलेला दिसतो आणि दुसऱ्या दिवशी काठाला लागतो. डिसेंबर-जानेवारीत मासा वाचतो, पण सकाळच्या गारठ्यात खात नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा हे दिवस उत्तम. वेळ सकाळी ७ ते १२.

पायरी ४: जागा आणि चिठ्ठ्या

दोन जागांमध्ये १० मीटर अंतर हवे. ३० स्पर्धकांना ३०० मीटर सलग काठ लागतो. आदल्या दिवशी चुन्याने आकडे टाका. पाळीजवळ पाणी खोल, शेताकडे उथळ, म्हणजे जागांची तुलना होऊच शकत नाही. म्हणून दहा-दहा जागांचे तीन पट्टे करा आणि क्रमांक प्रत्येक पट्ट्यापुरते लावा. मधल्या सुटीनंतर पट्टे बदला आणि दोन्ही डावांच्या क्रमांकांची बेरीज करा. ज्याची बेरीज कमी तो वर. चिठ्ठ्या सगळ्यांसमोर, सकाळी साडेसहाला. उशिरा आलेल्याला उरलेली चिठ्ठी, मग तो क्लबचा खजिनदार का असेना.

पायरी ५: मोजमाप

वजनापेक्षा लांबी मोजा. वजनासाठी मासे दुपारपर्यंत पिशवीत डांबून ठेवावे लागतात आणि आपल्या उन्हात ते मरतात. लांबीला मात्र एक खोट आहे. कतला अंगाने रुंद, मरळ सडपातळ; सारख्या लांबीच्या कतल्याचे वजन कितीतरी जास्त. म्हणून मरळीचा गट वेगळा ठेवा, नाहीतर पिठाच्या गोळ्याने कतला-रोहू धरायला बसलेले सगळे पहिल्याच वर्षी रुसतात.

एक मीटरची प्लास्टिकची पट्टी घ्या, शून्याच्या टोकाला उभी आडकाठी असलेली. धातूची उन्हात तापते. पट्टी ओली करा, मासा ओल्या हातांनी आडवा ठेवा, बंद तोंड आडकाठीला टेकवा, शेपटीची दोन्ही टोके चिमटीत जुळवा. आकडा खालच्या अर्ध्या सेंटिमीटरला धरा. फोटो बरोबर वरून घ्या. तिरका घेतला तर एक-दोन सेंटिमीटर सहज वाढतात. फोटोत स्पर्धकाचा क्रमांक आणि त्या सकाळीच जाहीर केलेली खूण असलेला बिल्ला दिसायला हवा, म्हणजे जुना फोटो खपत नाही. तलावावर नेटवर्क दगा देते, म्हणून पंचाने कार्डावर आकडा लिहून सही करायची. पाच-सहा जागांमागे एक पंच पुरतो.

३० सेंटिमीटरखालचा मासा मोजणीत धरायचा नाही. प्रत्येकाच्या मोठ्या तीन माशांच्या लांबीची बेरीज, ती सारखी आली तर सगळ्यात लांब मासा कोणाचा ते पाहायचे. हे छापील नियमपत्रकात आधीच असू द्या.

पायरी ६: माशाची काळजी

गरीच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करायचा. तपासणी सुरुवातीलाच करा. झेलायचे जाळे बिनगाठीचे हवे, गाठींनी खवले निघतात. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर जातो आणि तिथे बुरशी धरते. गरी घशात गेली असेल तर ओढू नका, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) तोंडाजवळ कापा. पाण्याबाहेर मासा ३० सेकंदांपेक्षा जास्त नको. सोडताना त्याला पाण्यात सरळ धरून ठेवा, तो स्वतः जोर लावेल तेव्हाच हात काढा.

मासे जमवायला पाण्यात टाकायच्या चाऱ्याला मर्यादा घाला: ढेप आणि कोंडा मिळून माणशी २ किलो. न खाल्लेला चारा तळाशी कुजतो आणि असलेला ऑक्सिजन खातो.

पायरी ७: त्या दिवशीची तयारी

पाच पंचांकडे शिट्ट्या, काठावर दोन ट्यूब आणि २० मीटर दोर, प्रथमोपचार पेटीत गरी कापायची कटर. पिण्याचे पाणी माणशी ३ लिटर धरा. महिला स्पर्धक येणार असतील तर स्वच्छतागृहाची सोय गावात आधी बोलून ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात विजा आणि गारा येतात. कार्बनचा रॉड, म्हणजे गळाची काठी, वीज वाहून नेतो. पहिला गडगडाट ऐकला की लांब शिट्टी, रॉड खाली आणि सगळे गाडीत. वेळ कापली गेली तर त्या क्षणापर्यंतचे गुण अंतिम.

सुटीत पोहे-तर्री हवीच, पण पत्रावळीत. आणि तर्रीचा हात साबणाने धुऊन, मग पुन्हा नुसत्या पाण्याने धुऊन आमिषाला लावा.

पायरी ८: गावासाठी कार्यक्रम

वर्षातून एक दिवस तलावाच्या गावातल्या शाळेतल्या मुलांसाठी ठेवा. दोन मीटरची बांबूची काडी, बारीक गरी, कणकेचा गोळा आणि धरायला तिलापिया मासा. तीन मुलांमागे एक मोठा माणूस, प्रत्येकाला लाइफ जॅकेट. दीड तास पुरे, त्यानंतर मुले दगड मारू लागतात.

दुसरा दिवस काठ-सफाईचा. तुटलेला तंगूस सगळ्यात वाईट, पाणकावळ्यांच्या आणि बगळ्यांच्या पायांत तो अडकतो. जमवून बारीक तुकडे करा आणि शहरात परत आणा. जलपर्णी काढली तर काठापासून लांब टाका, जवळ ठेवलेली पहिल्या पावसात परत पाण्यात जाते.

पायरी ९: हिशोब

३० जणांकडून ५०० रुपये घेतले तर १५,००० जमतात. त्यातून पहिला हप्ता मच्छीमार संस्थेचा, तोही स्पर्धेच्या सकाळी, पावती घेऊन. मग पंचांचे मानधन, खाणे, छपाई. उरेल त्यात बक्षिसे, रोख न देता रीळ किंवा रॉडच्या रूपात. रोख रक्कम आली की लांबीच्या अर्ध्या सेंटिमीटरवरून भांडणे होतात. हिशोब आठवड्याभरात सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पावत्यांच्या फोटोंसह टाका. वार्षिक सभेत कार्यकारिणी बदलली तर ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (बदलाचा अहवाल) द्या आणि बँकेतल्या सह्या बदलण्याचा अर्जही त्याच आठवड्यात करा.