मोंढ्यापासून चालायला लागा

पतसंस्थांचं ऑडिट करत मी २१ वर्षं मराठवाडाभर फिरतेय. घर परभणीला, पण महिन्यातले १२-१३ दिवस कुठल्या ना कुठल्या गावी लॉजवर. दिवसभर खतावण्या आणि कर्जाच्या फायली. खाण्यासाठी हाताशी राहते ती कामाआधीची सकाळ आणि दिवेलागणीनंतरची संध्याकाळ. त्या दोन्ही वेळा मी पायी हिंडते, कारण भाकरी थापल्याचा आवाज आणि फोडणीचा वास रिक्षात बसून कळत नाही.

लॉजच्या मॅनेजरला "इथं चांगलं काय मिळतं?" असं विचारू नका. पाहुण्यानं नंतर नावं ठेवू नयेत म्हणून तो एसी हॉलवालं, पनीर टिक्का देणारं हॉटेल सांगतो. त्याला विचारा, "मोंढा कुठंय?"

मोंढा म्हणजे आपल्याकडचा धान्याचा बाजार. जालना, परभणी, नांदेड, सेलू, कुठंही जा, मोंढा असतोच. सोयाबीन, तूर, हरभऱ्याची पोती उतरवणारे हमाल सकाळीच कामाला लागतात. ५०-६० किलोचं पोतं पाठीवर घेणाऱ्या माणसाला शिळं चालत नाही आणि महाग परवडत नाही. तो रोज त्याच गाड्यावर येतो, त्यामुळे एक दिवस जरी तेल खवट लागलं तरी चारचौघांत बोलून दाखवतो. सकाळी आठ-साडेआठला मोंढ्याच्या तोंडाशी उभं राहा. ज्या गाड्याभोवती डोक्याला टॉवेल बांधलेली, धान्याच्या धुळीनं माखलेली माणसं दिसतील तिथं जा आणि म्हणा, "मामा, इथलं काय घेऊ?" आपल्याकडं अनोळखी माणसाला मामा म्हटलं की तो नीट सांगतो, बऱ्याचदा गाड्यावाल्याला स्वतःच हाक मारतो, "पाहुण्या बाईला गरम दे रे."

लातूर-अंबाजोगाईकडं अशा गाड्यावर सुशीला मिळतो. चुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतायचे आणि वरून डाळव्याचं कूट. दिसायला सोपा, पण चुरमुरे पाण्यात जरा जास्त राहिले की लगदा होतो. चांगल्या सुशीलाचा चुरमुरा मऊ असतो, तरी एकेक दाणा सुटा. ज्याला हे जमतं त्याचे पोहे आणि भजीही बहुतेक चांगलीच असतात, हा माझा अनुभव.

पहिली फेरी काही न खाता मारायची, ही सवय मला लातूरच्या गंजगोलाईनं लावली. मधल्या गोल इमारतीला १६ रस्ते येऊन मिळतात. कुठं सराफा, कुठं कापड, कुठं किराणा. पहिल्या वेळी मी पहिल्याच रस्त्यावर पोटभर खाल्लं आणि पुढं सातव्या-आठव्या रस्त्याशी उभी राहून हळहळले. आता आधी पूर्ण गोल फिरते. कढईतलं तेल काळं पडलंय का, ताटल्या कुठल्या पाण्यात बुडवतात, चटणीवर झाकण आहे का, हे चालता चालता दिसतं. पाटीवर पन्नास पदार्थ असतील तर मी थांबत नाही. एवढे पन्नास पदार्थ रोज ताजे कोण करणार?

जेवणाची खानावळ शोधायची तर आधी पिठाची गिरणी शोधा. हे मला सगळ्यात मनापासून सांगायचंय.

ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. दळून चार-आठ दिवस झाले की पिठाची विरी, म्हणजे धरून राहायची ताकद, जाते. मग भाकरी थापताना कडेला चिरते, तव्यावर टाकताना तुटते, उकळतं पाणी घालून कशीबशी जमवावी लागते. म्हणून भाकरीवर नाव कमावलेली खानावळ पीठ साठवत नाही, रोज दळून आणते. आणि ती कुठली, हे गिरणीवाल्याइतकं कुणाला माहीत असणार?

अंबाजोगाईत एकदा पावसाळ्यात योगेश्वरीचं दर्शन घेऊन निघाले, तर गल्लीत गिरणीची घरघर ऐकू आली. भुवयांपर्यंत पिठानं पांढरा झालेला माणूस पट्टा सारखा करत होता. विचारलं, "मामा, रोज ज्वारी कोण दळून नेतं?" त्यानं हातानं ओळीतला एक पत्र्याचा डबा दाखवला. झाकणाला सुतळी, अंगावर लाल रंगाची फुली. "हा. रोज दोन पायल्या. मालदांडीच आणतात, दुसरी नाही." तेवढ्यात एक पोरगं डबा न्यायला आलं. मी त्याच्या मागं मागं चालत गेले.

आत पाच टेबलं, मागं चूल. तिथल्या मावशींनी काटवटीत पिठाचा गोळा तळहाताच्या टाचेनं रगडला. दोन मिनिटं तरी रगडत होत्या. मग थापायला घेतला. भाकरी त्यांच्या हाताखाली आपली आपण फिरत होती, चांगली ताटाएवढी झाली, पण कडेला एक चीर नाही. तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, पाणी सुकायच्या आत उलटली, आणि मग चुलीच्या तोंडाशी आराला टेकवून उभी केली. टम्म फुगली. पापुद्रा फोडला की वाफ बोटाला चटका देते, तीच भाकरी. सोबत काळ्या मसाल्याची वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, कच्चा कांदा. तेव्हापासून कुठल्याही गावात माझा पहिला पत्ता गिरणी. जेवायला बसलात की आधी भाकरीची कड बघा, मग भाजी मागवा.

वरण-आमटी मागवताना डाळ कुठली हेही विचारत जा. लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला आणि पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अशा डाळीची आमटी पुढ्यात आली तर भात थोडा जास्त घ्या.

आणखी एक प्रश्न विचारायचा: "तुमच्याकडं हे किती वाजता संपतं?" चांगल्या पदार्थाला वेळ असते. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरात नान-कलिया खायला मी पहिल्यांदा आरामात रात्री उशिरा गेले, तर देग खरवडलेली होती. दुसऱ्या दिवशी दुपारीच वेळ विचारून ठेवली आणि दिवेलागणीला पोचले. भट्टीतून निघालेला मऊ, पिवळसर नान आणि लाल तर्रीचा कलिया. मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, त्याच्या लष्कराच्या जेवणातून हा पदार्थ इथं रुजला असं सांगतात. नान कलियात बुडवून, पाझरू देऊन खायचा. मटणाचा आहे की बडेका, म्हणजे मोठ्या जनावराचा, हे बसण्याआधी सरळ विचारून घ्या. कुणी रागावत नाही, उलट "बाजी, ये मटन का है" असं आपणहून सांगतात. रमजानच्या महिन्यात या भागात दिवसा हॉटेलं बंद दिसली तर परत फिरू नका, रोजा सुटल्यावर या. आणि श्रावणात मटणाच्या खानावळी थंड असतात, तेव्हा धपाटे-दही शोधा.

नांदेडला सकाळी खिचडी-खट्टा. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, ती हैदराबादी चव ताटात राहिली. पिवळी मोकळी खिचडी आणि चिंच-तिळाचा पातळ, आंबट खट्टा. संध्याकाळी सचखंड गुरुद्वाऱ्यात डोकं झाकून लंगरच्या पंगतीत बसा. वाढतील तेवढंच घ्या, पानात टाकू नका. जमलं तर नंतर भांडी घासायला हात लावा.

एकट्या बाईसाठी थोडं. "फॅमिली"च्या पडद्याआड बसू नका, तिथलं अन्न तेच असलं तरी स्वयंपाकघर दिसत नाही. मी गल्ल्याजवळ, चूल दिसेल अशी बसते. दुकानं मिटायच्या आत जेवून परतते. आणि भूक अनावर होऊ देत नाही. एका गावी रात्री साडेनऊला उतरले, चालायचा कंटाळा केला, स्टँडसमोर दिवा दिसला तिथं बसले आणि सकाळचं भरलं वांगं परत गरम केलेलं खाल्लं. पुढचे दोन दिवस साखर-मिठाच्या पाण्यावर हिशेब तपासले. तेव्हापासून पिशवीत शेंगदाणे आणि गूळ असतोच.

एका दिवशी मात्र लातूर-धाराशिवकडं हे काहीच चालत नाही. येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. डिसेंबर-जानेवारीत येते. बाजारपेठ बंद, रस्ते मोकळे, सगळं शहर शेतात. मी हे न बघता लातूरला जाऊन बसले होते. गिरणी बंद, गाडे बंद, सकाळी चहासुद्धा मिळेना. पतसंस्थेतले म्हातारे शिपाईमामा लॉजवर आले, "ताई, उपाशी बसता का? चला रानात."

कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपटी, केली होती, आत चुना लावलेले पाच दगड, पांडव. पूजा झाली आणि घरातल्या ताईंनी ज्वारीच्या गंजीच्या सावलीला पान मांडलं. हिरव्या दाण्यांची, बेसन लावलेली घट्ट भज्जी, बाजरीचे उंडे, भाकरी, आणि मातीच्या बिंदग्यात रात्रभर मुरलेली ताकातली आंबील. दोन भांडी प्याले. हे कुठल्याच हॉटेलात मिळत नाही. त्या दिवशी त्या भागात असलात आणि कुणी "चला" म्हणालं, तर मुलांसाठी थोडे पेढे घ्या आणि जा. दुकानं बंद असतात, पेढे आदल्या दिवशीच घेऊन ठेवा.