राखीव दलाचा पट तपासून पगाराची तरतूद कशी काढायची

अमेरिकेच्या आर्मी नॅशनल गार्ड या राखीव दलाला 2024 या आर्थिक वर्षासाठी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, 3,25,000 संख्या मंजूर केली. आर्थिक वर्ष संपतं त्या दिवशी, म्हणजे 30 सप्टेंबरला, पटावर किती माणसं असावीत एवढंच हा आकडा सांगतो. वर्षभर पगाराला किती पैसे लागतील ते त्यातून कळत नाही, आणि तरतुदीचा घोळ बहुधा इथूनच सुरू होतो.

तुकडीतल्या राखीव सैनिकाला दरमहा ठरलेला पगार नसतो. वर्षाला साधारण 48 ड्रिल, म्हणजे सरावाची सत्रं, आणि दोन आठवड्यांचं वार्षिक प्रशिक्षण, एवढीच बांधिलकी. एक ड्रिल किमान चार तासांचं; मोबदला महिन्याच्या मूळ वेतनाचा तिसावा भाग. एका शनिवार-रविवारात चार ड्रिल बसतात. आला तर पैसे, नाही आला तर नाही. म्हणून डोकी मोजू नका, पगार निघालेली ड्रिल मोजा.

आधी एकाच तारखेचा तुकडीचा पट आणि त्याआधीच्या तीन महिन्यांचं पगारपत्रक मागवा. जुळवणी सैनिकाच्या क्रमांकावरून करा. नावावरून केलीत तर स्पेलिंगच्या फरकाने खोटी तफावत निघते. पटावर आहे, पण तीन महिन्यांत एकाही ड्रिलचा पगार नाही, अशी नावं वेगळी काढा. गार्डमध्ये या यादीला ‘नो-व्हॅल पे’ म्हणतात.

ही सगळी खोगीरभरती आहे असं मात्र समजू नका. काही जण खरोखर हजर असतात, फक्त हजेरीपत्रक पगार विभागात पोचलेलं नसतं. त्यांचं देणं बाकी आहे, त्यांना हिशेबातून काढाल तर पुढे थकबाकी अंगावर येईल. काही जण केंद्राच्या आदेशाने सक्रिय सेवेवर गेलेले असतात. ते राखीव दलाच्या पटावर राहतात, पण त्यांचा पगार नियमित सैन्याच्या खात्यातून निघतो. नवे रंगरूट प्राथमिक प्रशिक्षणाला गेले असतील तर त्यांना रोजचा पूर्ण पगार असतो, त्यांचा दर वेगळाच लावा. बदलीत जुन्या तुकडीने नाव कमी केलं नाही आणि नवीने चढवलं, तर एक माणूस दोनदा मोजला जातो. उरले ते कागदावरचे. वर्षात नऊ विनापरवानगी गैरहजेऱ्या झाल्या की आर्मीच्या नियमाने सैनिक असमाधानकारक ठरतो, पण सेवामुक्तीचं प्रकरण टेबलावर पडून राहिलं तर नाव पटावर तसंच राहतं. भरतीचं लक्ष्य डोक्यावर असताना नाव कमी करायची घाई कुणाला नसते, हेही लक्षात ठेवा.

आता गुणाकार. समजा पटावर 500, त्यातले 40 कागदावरचे, आणि उरलेल्यांची हजेरी 85 टक्के. पटावरून काढाल तर 500 × 48 = 24,000 ड्रिल. खरी निघतात 460 × 48 × 0.85 = 18,768. फरक 5,232. एका ड्रिलचा सरासरी दर 110 डॉलर धरला, तर एका बटालियनमागे 5,75,520 डॉलर जास्त मागितले गेले. हजेरीचं प्रमाण गेल्या दोन-तीन वर्षांच्या पगारपत्रकांवरून काढा, कमांडरच्या अंदाजावरून नको.

संख्या घेतानाही शेवटची नको, बारा महिन्यांची सरासरी घ्या. वर्षाचे दहा महिने 460 माणसं असतील आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या भरतीने 500 झाली, तर सरासरी जेमतेम 467 येते. पगार त्यांचाच द्यायचा आहे.

वार्षिक प्रशिक्षण वेगळ्या ओळीत धरा. तिथे पूर्ण दिवसाचा पगार आणि वर भत्ते असतात, शिवाय उपस्थितीचं प्रमाणही ड्रिलपेक्षा निराळं असू शकतं.

हा पगाराचा निधी एका वर्षाचा असतो. 30 सप्टेंबरनंतर त्यातून नवा खर्च बांधता येत नाही. पुढची पाच वर्षं फक्त जुन्या देण्यांचे हिशेब मिटवता येतात. त्यामुळे जुळवणी वर्षअखेरीस करून भागत नाही. ती तिमाहीला करा, आणि जादा निघालेली रक्कम मार्च-एप्रिलपर्यंत वरच्या कार्यालयाला कळवा, म्हणजे ती दुसऱ्या तुकडीला वर्ष संपण्याआधी वळवता येते.