सुरू पाहा, मग खरे सूचिपर्णी ओळखा

पाऊस ओसरला की दसरा-दिवाळीच्या सुमारास सकाळी ७ वाजता निघा. ९ नंतर ऊन इतकं तापतं की बारकावे बघायला धीर राहत नाही. सोबत १० पट भिंग, मोजपट्टी, पांढरा कागद, दोरा आणि एक खडा घ्या.

सुरुवात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांपासून करा, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथंच होते. सुरू पाइनसारखा दिसतो, पण तो फुलं येणारा वृक्ष आहे. त्याची 'सुई' म्हणजे बारीक हिरवी डहाळी. ती दोन्ही टोकांना धरून हलकेच ओढा, पेरावर सुटते. सुटलेल्या टोकावर भिंग धरलं की पेराभोवती ६ ते ८ इवलेसे दाते दिसतात. तीच सुरूची पानं! वाळलेली डहाळी कुठंही मोडते, म्हणून हिरवीच घ्या. शंकूसारखं फळ घरी आणून उन्हात कागदावर ठेवा. दोन-तीन दिवसांत ते उकलतं आणि पंखाचं बी बाहेर पडतं. कागद मुंग्यांपासून जपा, त्या बी पळवतात.

आता खरे सूचिपर्णी, म्हणजे फुलांऐवजी शंकू धरणारी पाइनसारखी झाडं. गोव्याच्या रानात पाइन शोधू नका. इथले सूचिपर्णी बागांत आणि आवारांत लावलेले. ज्याला आपण ख्रिसमस ट्री म्हणतो, ते बऱ्याचदा पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवरचं कुक पाइन असतं. उंच, सडपातळ खोड, आखूड फांद्या, दोरीसारख्या डहाळ्या. खाली सुटी पानं नव्हे, अख्ख्या डहाळ्या पडलेल्या सापडतात. हे झाड विषुववृत्ताकडे कलतं, म्हणजे आपल्याकडे दक्षिणेला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच खंडांतल्या २५६ झाडांचा सरासरी कल ८.५५ अंश भरला. विषुववृत्ताजवळ कल कमी असतो, त्यामुळे गोव्यात तो नुसत्या नजरेला चटकन जाणवेलच असं नाही. दोऱ्याला खडा बांधून ओळंबा करा, हात लांब धरा आणि खोड दोऱ्याशी ताडून बघा. उभं राहायचं ते झाडाच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला. उत्तरेकडून पाहिलं तर कललेलं झाडही सरळ वाटतं. भिंतीलगतचं झाड मोजू नका, उजेडाकडे झुकण्यानं घोळ होतो.

कुंपणाजवळची मोरपंखी शेवटी बघा, तीही सूचिपर्णीच. तिच्या चपट्या डहाळ्या पुस्तकाच्या पानांसारख्या उभ्या असतात. कोवळा शंकू निळसर हिरवा, त्याच्या खवल्यांना आकडे. वाळून तपकिरी झालेला शंकू उघडून बी तळहातावर घ्या, त्याला पंख नसतात.