स्टेअरिंगवरची बटणं चालेनाशी झाली? पार्ट बदलायच्या आधी हे तपासा

स्टेअरिंगवरचं व्हॉल्यूमचं बटण बंद पडलं की गॅरेजमध्ये बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, क्लॉक स्प्रिंग (स्टेअरिंगमागची वायरींची फीत) गेलीय, बदलावी लागेल. कधी कधी ते खरंही असतं, पण कितीतरी वेळा बटणाच्या आत नुसती घाण साचलेली असते किंवा स्टिरिओ बदलताना एक वायर जोडायची राहिलेली असते, आणि तेवढ्यासाठी एअरबॅग उघडून महागडा पार्ट टाकायची काहीच गरज नसते. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये फोन आला तर हात स्टेअरिंगवरून न काढता उचलता यावा म्हणून ही बटणं असतात, त्यामुळे ती चालू पाहिजेतच, पण आधी नीट तपासून मग पैसे घाला.

पहिल्यांदा बघायचं की बटणांबरोबर अजून काय काय बंद पडलंय. स्टेअरिंगच्या मागे प्लॅस्टिकच्या गोल डबीत एक चपटी फीत शिंप्याच्या टेपसारखी गुंडाळलेली असते, तीच क्लॉक स्प्रिंग, काही जण स्पायरल केबल म्हणतात. स्टेअरिंग गोल फिरतं, खालचा कॉलम जागेवरच असतो, मग मधल्या वायरी तुटू नयेत म्हणून ही फीत उलगडते आणि परत गुंडाळते. बहुतेक गाड्यांत बटणं, हॉर्न आणि ड्रायव्हरची एअरबॅग या तिघांचंही कनेक्शन तिच्यातूनच जातं. म्हणून हॉर्न पण गेलाय आणि मीटरवर एअरबॅगचा दिवा पण कायम पेटलेला आहे असं असेल तर संशय सरळ क्लॉक स्प्रिंगवर. हॉर्न मस्त वाजतोय, दिवा नाही, फक्त एकच बटण चालत नाही, तर दोष त्या बटणातच. नुसता हॉर्न गेला असेल तर आधी फ्यूज आणि रिले (हॉर्नला करंट देणारा स्विच) बघा.

मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी उभी करून इंजिन चालू, गाणी चालू, आणि स्टेअरिंग हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत मध्ये मध्ये तेच बटण दाबत राहायचं. ठराविक अँगलला बटण चालतं आणि पुढे गेलं की बंद पडतं असं दिसलं तर फीत आतून चिरलेली आहे. स्टेअरिंग रॅकचं, म्हणजे स्टेअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत पोचवणाऱ्या भागाचं, काम झाल्यावर हा त्रास सुरू झाला असेल तर तेही मेकॅनिकला सांगा, कारण रॅक सुटा असताना स्टेअरिंग मोकळं फिरलं की फीत ताणून तुटते.

नवीन अँड्रॉइड स्टिरिओ बसवल्यावर बटणं गेली असतील तर काहीच उघडू नका. स्टिरिओच्या मागे की-वन, की-टू नावाच्या वायरी असतात, त्या गाडीच्या वायरीला जोडल्यात का बघायचं आणि मग सेटिंगमध्ये जाऊन एकेक बटण दाबून स्टिरिओला शिकवायचं. काही गाड्यांत बटणांचा सिग्नल कॅन किंवा लिनवरून, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांच्या डिजिटल लाईनवरून, जातो, तिथे नुसत्या वायरी जोडून भागत नाही, तो सिग्नल स्टिरिओला समजेल असा करून देणारा त्या गाडीचा कॅनबस बॉक्स लागतो.

आता बटणं उघडायची वेळ आली तर एक गोष्ट मनापासून सांगतो, एअरबॅगशी घाई करू नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून किमान 10 मिनिटं थांबायचं, कारण कनेक्शन काढलं तरी सिस्टीममध्ये थोडा वेळ चार्ज शिल्लक राहतो. बाजूच्या किंवा मागच्या भोकातून क्लिप दाबून नाहीतर टॉर्क्सचे (चांदणीसारख्या खाचेचे) बोल्ट काढून एअरबॅग निघते, तुमच्या गाडीला नेमकं काय आहे ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या. पिवळा कनेक्टर सोडवला की एअरबॅग कव्हरची बाजू वर करून लांब ठेवायची. तिला मल्टिमीटर कधीच लावायचा नाही, मीटरच्या एवढ्याशा करंटनेही ती फुटू शकते. आणि ती बाहेर असताना इग्निशन ऑन करू नका, एअरबॅगचा दिवा लागून बसतो आणि मग तो घालवायला स्कॅनर लागतो. हे वाचून धाकधूक वाटत असेल तर एवढा भाग चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

बटणांचा सेट बाहेर आला की टेबलवर ठेवा आणि मल्टिमीटर ओहमवर (रेझिस्टन्स मोजायच्या सेटिंगवर) लावा. बऱ्याच गाड्यांत सगळी बटणं दोनच वायरींवर चालतात, प्रत्येक बटणाचा रेझिस्टन्स वेगळा असतो आणि त्यावरून स्टिरिओला कळतं कुठलं दाबलं. चांगलं बटण दाबलं की एक आकडा येतो आणि तो तसाच टिकतो, कितीही वेळा दाबा. खराब बटणाचा आकडा उड्या मारतो, जोरात दाबलं की कमी होतो, सोडलं की भलताच. व्हॉल्यूम वाढवायला गेलं आणि गाणंच बदललं, हा प्रकार यामुळेच होतो, घाणीचा रेझिस्टन्स मध्ये आला की स्टिरिओला वाटतं दुसरंच बटण दाबलंय. ओले वाइप्स, सॅनिटायझरचे हात, डॅशबोर्ड चमकवायचे स्प्रे, हे सगळं फटींतून आत झिरपतं. उघडून बघा, रबराखालच्या काळ्या कार्बनच्या ठिपक्यावर चिकट थर दिसेल, आणि ओल गेली असेल तर पिनवर हिरवट गंज. आयसोप्रोपिल अल्कोहोल इअरबडवर घेऊन हलक्या हाताने पुसायचं, पॉलिश पेपर अजिबात नाही, कार्बनचा थर निघाला की बटण कायमचं गेलं. पूर्ण सुकू द्या, परत मोजा, आकडा स्थिर झाला की काम झालं. मीटर आणि कॉन्टॅक्ट क्लीनर पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतो.

क्लॉक स्प्रिंगच गेली असेल तर पार्ट नंबर जुळवून नवीनच घ्या, नाना पेठेत चौकशी करा, पण सेकंडहँड नको, एअरबॅगचा जीव त्या फितीवर आहे. स्टेअरिंग काढायच्या आधी चाकं सरळ करा, स्टेअरिंग आणि शाफ्टवर खूण करा, आणि मधला नट पूर्ण काढू नका, दोन आटे ठेवून स्टेअरिंग ओढा, नाहीतर ते एकदम सुटून तोंडावर येतं. नवीन पार्टला लॉकची पिन असते, तो जागेवर बसेपर्यंत ती काढायची नाही. चुकून फिरलाच तर हलक्या हाताने एका टोकापर्यंत न्या, तिथून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे होतात ते मोजा आणि निम्मे मागे या. मध्य चुकला तर पहिल्याच यू-टर्नला फीत तुटू शकते. नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच (आवळायच्या जोरानेच) आवळा.

सगळं जोडलं की शेवटी बॅटरी लावा आणि इग्निशन ऑन करा. एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे, मग हॉर्न वाजवा, बटणं दोन्ही टोकांना स्टेअरिंग फिरवून दाबून बघा. ईएसपीचा (गाडी घसरू नये म्हणून सांभाळणाऱ्या सिस्टीमचा) दिवा लागला तर स्टेअरिंग अँगल सेन्सर स्कॅनरवर कॅलिब्रेट करून घ्यावा लागेल.