प्रो हॉकीत फिरस्ती करणाऱ्यांसाठी: २६० चा आकडा आधी समजून घ्या

ज्युनियर किंवा कॉलेज संपवून प्रो व्हायला निघालेल्या पोरांनो, आणि बर्फाच्या रिंकवर पहाटे पाचला थर्मास घेऊन बसलेल्या त्यांच्या आईबाबांनो, एनएचएल (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची सगळ्यात वरची लीग) मिळाली तर देव पावला, पण बहुतेकांची वाट ईसीएचएल, एएचएल (एनएचएलच्या लगेच खालची लीग एएचएल, तिच्याखाली ईसीएचएल), परत ईसीएचएल आणि मग युरोप अशीच जाते. त्यात कमीपणा काही नाही. माईक सिलिंजर एनएचएलमध्ये १२ टीमकडून खेळला, ९ वेळा ट्रेड झाला, म्हणजे एका टीमने दुसऱ्या टीमला देऊन टाकला. आपल्याकडचा रॉबिन बावा, भारतीय वंशाचा पहिला एनएचएल खेळाडू, ४ टीम मिळून ६१ मॅच खेळला आणि बाकी करिअर मायनर, म्हणजे खालच्या लीगमध्येच गेलं.

टू-वे कॉन्ट्रॅक्ट (वरच्या आणि खालच्या लीगमध्ये पगार वेगळा), पीटीओ (ट्रायआउटचा तात्पुरता करार) वगैरे तुम्हाला माहीत असेलच. मला जे कोणी सांगितलं नाही ते सांगतो.

एएचएलमध्ये मॅचला गोली (गोलकीपर) सोडून १८ जण उतरतात. त्यातले १३ 'डेव्हलपमेंट प्लेयर' असायलाच लागतात, त्यातल्या १२ जणांच्या प्रो मॅच २६० किंवा कमी, आणि एकाला ३२० पर्यंत सूट. म्हणजे खरे व्हेटरन, त्याहून जास्त मॅच झालेले, फक्त पाच. यात वय बघत नाहीत, मॅच बघतात! सीझन ७२ मॅचचा, सगळ्या खेळलात तर चार सीझनमध्ये २८८ होतात, म्हणजे पंचविशीतच तुम्ही व्हेटरन. एनएचएल आणि युरोपच्या टॉप लीगच्या मॅचही यात धरतात. आणि खरी गोम इथे आहे, मोजणी होते सीझन सुरू होताना. त्यामुळे जानेवारीत २६० ओलांडले तरी त्या वर्षी काहीच होत नाही, कोच खूश, तुम्ही खूश, आणि उन्हाळ्यात फोन वाजायचा बंद होतो. खेळ तोच, पण आता तुमची स्पर्धा त्या पाच जागांसाठी, आणि तिथे आधीच एनएचएल खेळून खाली आलेले बसलेत. माझ्या बाबतीत हेच झालं. कोचने खांद्यावर हात ठेवून 'तू चांगला खेळलास' म्हटलं आणि विषय संपला. खाली ईसीएचएलमध्येही सुटका नाही, तिथे तर चारच व्हेटरन खेळवता येतात. गोलींना हे काही लागू नाही, नशीबवान लेकाचे.

घाबरू नका, दारं बंद होत नाहीत. फक्त युरोपचा विचार २०० च्या आसपासच सुरू करा, तीनशे झाल्यावर नाही. तिथे बऱ्याच क्लबकडून फ्लॅट आणि गाडी मिळते, पगार हातात किती येणार हे मात्र लेखी घ्या. परदेशी खेळाडूंच्या जागा तिथेही मोजक्याच, आणि आपल्यापैकी कोणाची आजी जर्मन असायची शक्यता नाही, त्यामुळे युरोपचा पासपोर्ट काढून परदेशी न ठरण्याचा फायदा विसरा.

एजंटबद्दल माझं मत कडू आहे. आधी पैसे मागणाऱ्या एजंटला सरळ नाही म्हणा. इन्स्टावरच्या स्किल कोचपेक्षा टीमच्या इक्विपमेंट मॅनेजरशी दोस्ती करा, कोण वर जाणार, कोणाची बॅग भरली जातेय हे त्याला सगळ्यात आधी कळतं. आणि ज्या जुन्या डिफेन्समनशेजारी लॉकर मिळेल त्याचं ऐका. मला अशाच एकाने पहिल्या रात्री सांगितलं की स्लीपर बसमध्ये पाय ड्रायव्हरच्या दिशेला करून झोप, बस जोरात थांबली तर डोकं आपटत नाही. बाकी त्याचे सल्ले भंकस होते, पण हा एक मी शेवटपर्यंत पाळला.

ईसीएचएलमध्ये पगार आठवड्याचा, सीझन संपला की बंद, टीमने दिलेलं घरही जातं. म्हणून एप्रिलपासूनच्या भाड्याची सोय डिसेंबरमध्येच करून ठेवा, आणि एजंटला फोन मार्चमध्ये करा. जूनपर्यंत युरोपातल्या चांगल्या जागा भरत आलेल्या असतात.