फेरिटिन वाढत नाही? या चुका टाळा

मागच्या वर्षी माझ्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ११.९ आलं. घरात सगळे म्हणाले, "किंचित कमी आहे, खजूर खा म्हणजे झालं." त्याच कागदावर खाली फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, ८ छापलेलं होतं. पर्वतीच्या पायऱ्या चढताना निम्म्यातच धाप लागत होती, कंगव्यात केसांचा पुंजका येत होता, आणि तरी आम्ही सगळे वरच्याच आकड्याकडे बघत होतो.

पिठाचा डबा भरलेला दिसला म्हणून कोठीत धान्य असतंच असं नाही. हिमोग्लोबिन हा डबा, फेरिटिन ही कोठी. शरीर आधी कोठी रिकामी करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार निरोगी प्रौढ माणसाचं फेरिटिन १५ च्या खाली गेलं की साठा संपला असं धरतात. बरेच डॉक्टर ३० च्या खालीच सावध होतात. तेव्हा नुसतं हिमोग्लोबिन बघून निर्धास्त होऊ नका. आणि तापातून उठल्याबरोबर तपासणी करू नका. अंगात संसर्ग किंवा सूज असली की फेरिटिन फुगतं आणि रिकामी कोठी भरलेली दिसते. डेंग्यू-चिकनगुनियाच्या दिवसांत पुण्यात हा घोटाळा सहज होऊ शकतो.

माझी सगळ्यात मोठी चूक चहाची. सकाळी कांदेपोहे, वर लिंबू पिळलेलं, कोथिंबीर, ओलं खोबरं. पोह्यांत लोह असतं, लिंबातलं क जीवनसत्त्व ते शोषून घ्यायला मदत करतं. नाश्ता अगदी जुळून आलेला. आणि बशी अर्धी होते न होते तोच वाफाळता चहा. चहातली टॅनिन्स वनस्पतीतलं लोह आतड्यात धरून ठेवतात. जेवणासोबतचा एक कप शोषण निम्म्याहून खाली आणू शकतो. कॉफीचंही तेच. चहा सोडा असं मी कुणाला सांगणार नाही, मलाही तो सुटलेला नाही. खाणं झाल्यावर तासभर थांबायचं, एवढंच. मी आता साडेआठला खाते आणि साडेनऊला ऑफिसात चहा घेते. लोहाची गोळी चहाच्या घोटाबरोबर गिळणाऱ्या मावश्या-काकू मात्र घरोघरी आहेत, त्यांना हे आवर्जून सांगा.

दुसरी गोष्ट रंगाची. बीट लाल, डाळिंब लाल, म्हणून रक्त वाढतं ही समजूत फार पक्की बसली आहे. १०० ग्रॅम बिटात १ मि.ग्रॅ.सुद्धा लोह नसतं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढ स्त्रीची रोजची गरज २९ मि.ग्रॅ. आहे. बीट जरूर खा, पण लोहासाठी बाजरी, राजगिरा, तीळ, हरभरा, मटकी, माठ यांच्याकडे बघा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेबरोबर मुद्दाम जास्त लोहाची बाजरी तयार केली आहे, 'धनशक्ती' नावाची. मिळाली तर तीच घ्या. मांसाहार करणाऱ्यांचं काम सोपं, कारण मटण आणि कलेजीतलं लोह चहाला फारसं जुमानत नाही. गरोदर बाईने मात्र कलेजी टाळावी, तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं.

अळिवाबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्याकडे 'रक्त कमी आहे' म्हटलं की पहिला तोच निघतो. जुन्या तक्त्यांतला १०० ग्रॅमला १०० मि.ग्रॅ. हा आकडा अजून सगळीकडे फिरतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात तो १७ च्या आसपास आहे. म्हणजे चमचाभर, ५ ग्रॅम अळिवातून १ मि.ग्रॅ.सुद्धा लोह मिळत नाही, आणि त्यातलंही थोडंच अंगी लागतं. अळीव वाईट नाही, एकट्या अळिवावर विसंबणं चुकीचं. त्यातून आपण तो दुधात उकळून खीर करतो. दुधातलं कॅल्शियम लोहाच्या आड येतं. मी आता रात्री वाटीत चमचाभर अळीव नारळपाण्यात भिजत घालते. सकाळी प्रत्येक तांबूस दाण्याभोवती पारदर्शक बुळबुळीत कवच आलेलं असतं, वाटी गच्च भरते. वर अर्धं लिंबू पिळायचं आणि पोह्यांबरोबर खायचं.

बाजारातली 'नैसर्गिक' पूरकं घेताना डब्याची मागची बाजू वाचा. '५०० मि.ग्रॅ. शेवगा' म्हणजे ५०० मि.ग्रॅ. पानांची पूड, लोह नव्हे. प्रत्यक्ष लोह किती, हा आकडा शोधा आणि तो किती गोळ्यांमागे दिलाय तेही बघा. तुलनेसाठी, सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळीत ६० मि.ग्रॅ. लोह असतं. मी चार महिने जे खजुराचं सिरप घेत होते, त्याच्या घटकांत पहिलं नाव साखरेचं होतं आणि लोहाचा आकडा कुठेच नव्हता. फेरिटिन ८ चं ९ झालं.

त्यानंतर मी हिशेब मांडला. फेरिटिन एका आकड्याने वाढायला साधारण ८ मि.ग्रॅ. लोह साठावं लागतं. ८ वरून ४० वर जायचं तर अडीचशेच्या वर मि.ग्रॅ. रोजचा खर्च भागून १ मि.ग्रॅ. शिल्लक पडलं तरी साडेआठ महिने. म्हणून महिनाभराने थकवा गेला की लोहाचं पूरक कपाटात टाकून देणं ही चूक आहे. तीन महिन्यांनी तपासा, दर पंधरवड्याला नको. आंबट आमटी लोखंडी कढईत करा, तिच्यातून थोडं लोह उतरतं. नॉनस्टिकच्या काळ्या तव्यातून काही मिळत नाही. आमटी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा.

सगळं नीट करूनही आकडा हलत नसेल तर गळती किंवा अडथळा कुठे आहे ते शोधा: पाळीत जास्त रक्त जाणं, मूळव्याध, जंत, वर्षानुवर्षं चालू असलेली ॲसिडिटीची गोळी. आणि बी-१२ तपासून घ्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा बी-१२ ची कमतरता मोठ्या प्रमाणावर दिसली. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असलं की रक्तातल्या तांबड्या पेशींचा आकार सरासरीत बरोबर दिसतो आणि रिपोर्ट फसवतो. थॅलेसेमिया मायनर (रक्ताचा सौम्य आनुवंशिक दोष) असेल तर पेशी लहान दिसतात पण लोह पुरेसं असू शकतं. अशा वेळी तपासल्याशिवाय लोह घेत राहणं धोक्याचं.

हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल, दिवस गेले असतील, बसल्या जागी धाप लागत असेल, तर अळीव-बाजरी सोबतीला ठेवा, पण लोहाच्या गोळ्या किंवा सलाइनमधून लोह डॉक्टर सांगतील तसं घ्याच. माझ्या बाबतीत कारण पाळीचं निघालं. त्यावर उपचार सुरू झाले, चहा तासाने मागे गेला आणि सहा महिन्यांनी फेरिटिन २४ आलं. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.