पेपर गणिताचा होता, नापास मराठी झाली

नव्या शिक्षकांनो, मुलांचं मूल्यमापन कसं करायचं, म्हणजे आकारिक (वर्षभर चालणारं) आणि संकलित (सत्राअखेरचं) मूल्यमापन, त्याची आठ साधनतंत्रं, चौथीला या दोन्हींचा 60-40 भारांश, हे सगळं तुम्ही शिकूनच आला आहात. मी जिथे फसले तेवढंच सांगते.

शिक्षणसेवक (सुरुवातीला मानधनावर नेमलेली शिक्षिका) म्हणून नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर रुजू झाले. वर्गातली सगळी मुलं घरी पावरी ही आदिवासी भाषा बोलणारी. पहिल्या सत्राच्या गणिताच्या पेपरात मी विचारलं होतं, ‘48 आंब्यांपैकी निम्मे विकले, तर शिल्लक किती?’ चौथीतल्या एका मुलाने हा प्रश्न कोरा सोडला, बाकीची शाब्दिक उदाहरणंही कोरी. मी नोंदवहीत लिहिलं, ‘वजाबाकी, भागाकाराचे संबोध कच्चे’. श्रेणी ड.

पुढच्याच आठवड्यात बाजारात तो आजीशेजारी सीताफळं विकताना दिसला. वाटा 20 रुपयांना. मी तीन वाटे घेऊन शंभराची नोट दिली. सीताफळं पिशवीत भरायच्या आत त्याने 40 रुपये पुढे केले.

सोमवारी तोच प्रश्न तोंडी विचारला. गप्प. ‘निम्मे’ म्हणजे काय? मान हलली, नाही माहीत. ‘शिल्लक’ही माहीत नव्हतं. ‘अर्धे विकले, उरले किती?’ म्हटल्याबरोबर उत्तर आलं, ‘चोवीस’.

म्हणून पेपर काढताना प्रत्येक प्रश्नासमोर लिहा, मला यातून काय तपासायचं आहे. भागाकार तपासायचा असेल तर शब्द मुलांच्या ओळखीचे हवेत. प्रश्न वाचून दाखवा, पावरी येणाऱ्या मोठ्या मुलाकडून सांगून घ्या, बिया मांडा. याने पेपर सोपा होत नाही. 48 चे निम्मे तेवढेच राहतात. मराठी तपासायची असेल तर ती मराठीच्या पेपरात तपासा. ज्याला अक्षरं वाचणं जड जातं किंवा ऐकू कमी येतं, त्याच्यासाठीही हेच करा. दिव्यांग प्रमाणपत्र येईपर्यंत थांबू नका.

आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तयार वर्णनात्मक नोंदींच्या पीडीएफला हात लावू नका. माझं ‘संबोध कच्चे’ हे वाक्य तिथूनच उतरवलेलं होतं. मुलाकडे न बघता लिहिलेली नोंद खोटीच असते, आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांनी सही केली तरी.

सुरुवातीला हे जड जातं. तिसेक मुलांच्या नोंदी, त्यात दोन वर्ग एकत्र, रात्री डोळे मिटायचे. सगळ्यांचं एकदम करू नका. रोज तीन मुलं निवडा, तोंडीकाम घ्या, तिथल्या तिथे तारीख घालून दोन ओळी लिहा. ऊसतोडीला जाणाऱ्यांपासून सुरुवात करा, ती मुलं दिवाळीनंतर वर्गात नसतात.